इख्तिलाफ आणि मुखालिफत : पंडिता रमाबाईंच्या एका वादाच्या निमित्ताने

शेजारच्या घरात वाद सुरू झाला की भिंतीला कान लावणारे पुष्कळ असतात. धर्माच्या बाबतीत तर हा कान जरा जास्तच तिखट होतो. ख्रिश्चनांत किती पंथ आहेत, कोण पोपला मानतो, कोण मानत नाही, कोण तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो, कोण जाणत्या माणसालाच देतो, हे ऐकताना आपल्यापैकी अनेकांना मनातून समाधान वाटते. ‘पाहा, यांचे यांनाच ठरवता येत नाही!’ पण उद्या कोणी देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिया, बोहरा अशी आपली यादी वाचून दाखवली, तर आपण लगेच म्हणतो, ‘अहो, हे वरवरचे मतभेद आहेत. अल्लाह एक, रसूल एक, कुराण एक.’ एकाच दुकानात घेताना एक तराजू आणि देताना दुसरा वापरणाऱ्याला कुराणाने काय म्हटले आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. धर्मविचाराच्या दुकानात मात्र आपण दोन तराजू बिनदिक्कत ठेवतो.

म्हणून प्रश्न असा की, दुसऱ्या धर्मातला आतला वाद प्रामाणिकपणे वाचायचा कसा? आणि तो तसा वाचला, तर आपल्या घरातल्या वादांबद्दल आपल्याला काय शिकता येईल?

आधी हे वाद कशाचे आहेत ते पाहू. मुरबे हे पालघर तालुक्यातले मच्छीमारांचे गाव. पालघरहून लोकलने तासाभरात वसई येते. तिथला ख्रिस्ती समाज मुख्यत्वे कॅथलिक. पोर्तुगिजांच्या अमदानीत, म्हणजे १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांत तो घडला. उलट अहमदनगरकडचा (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्ती समाज बराचसा प्रोटेस्टंट. तिथे अमेरिकन मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले. आपण दोघांनाही सरसकट ‘ख्रिश्चन’ म्हणतो. पण कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत आणि प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६. कॅथलिक सात संस्कार मानतात, प्रोटेस्टंट प्रामुख्याने दोनच. मरियमकडे दुआची विनंती करावी का, मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी का, धर्मगुरूचा शब्द कुठवर बंधनकारक, यावर दोघांची मते वेगळी. वसीला, इसाले सवाब आणि तकलीद हे शब्द ज्यांच्या कानांवरून रोज जातात, त्यांना हे प्रश्न परके वाटू नयेत.

अकीदा पूर्ण एक असला तरी भांडण मिटते असेही नाही. मुंबई बेटावरच्या कॅथलिकांचे उदाहरण पाहा. बिशप कोणी नेमायचा, पोर्तुगालच्या राजाच्या परंपरागत हक्काने की थेट रोमहून, या वादात समाज दुभंगला. १७९४ मध्ये कंपनी सरकारने चर्चे दोन गटांत वाटून दिली. माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून १८५३ साली एवढी खेचाखेच झाली की बिशप हार्टमन स्वतः अनुयायांसह चर्च अडवून बसले. हा दुहेरी कारभार १९२८ च्या करारानंतर संपला. प्रार्थना तीच, विधी तेच, श्रद्धा तीच. वाद चाव्या कोणाच्या हाती याचा. मशिदीच्या ट्रस्टच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण चाव्यांच्या वादापेक्षा कठीण वाद श्रद्धेचा असतो. त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. बी.एड.च्या पुस्तकांत त्या ‘स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी’ म्हणून एका परिच्छेदात येतात आणि जातात. शारदा सदन, १८८९. मुक्ती मिशन, केडगाव. त्यांनी इंग्लंडमध्ये अडीच-तीन वर्षे आपल्याच नव्या धर्माच्या माणसांशी जी झुंज दिली, तिचा त्या परिच्छेदात मागमूस नसतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. पदरात मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. मनोरमा बहुतेक काळ वाँटेजलाच, सिस्टर जेराल्डिन यांच्या देखरेखीखाली राहिली.

बाप्तिस्म्यानंतर थोड्याच काळात वाद सुरू झाला. अँग्लिकन चर्चमध्ये अथानेशियसच्या नावाने ओळखला जाणारा एक श्रद्धाहुकूम आहे. त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य बारकाईने मांडलेले आहे आणि ते न मानणाऱ्याला तारण नाही असे बजावले आहे. रमाबाईंनी तो नाकारला. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. येशू ईश्वर आहे हे विधानही त्या वेळी त्यांना जड जात होते. त्यांचे म्हणणे असे की, मी बायबल वाचून ख्रिस्ती झाले, चर्चच्या प्रत्येक ठरावावर अंगठा उठवून नव्हे. आपल्याकडच्या पुरोहितशाहीचे जोखड नुकतेच खांद्यावरून उतरवले, आता दुसरे घालून घेणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट कळवले. क्रूसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, हा त्यांचा प्रश्नही गाजला. ब्राह्मणांना संस्कृतबद्दल जे वाटते तेच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटते का, असे त्यांनी विचारले. दीनाच्या गोष्टी मराठीत लिहिल्या की भुवया उंचावणारे लोक आपल्याकडेही आहेत. त्यांनी हा प्रश्न जरूर वाचावा.

सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जमात म्हटली की काहीतरी समाईक कबुली लागते. प्रत्येकजण स्वतःपुरता धर्म घडवू लागला तर जमात कसली उरली? शिवाय बाप्तिस्मा म्हणजे वचन. वचन दिल्यावर अटी घालायच्या नसतात, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. प्राचार्या डोरोथिया बील यांचा मार्ग वेगळा होता. शंकेला घाई करून चालत नाही हे त्या जाणत होत्या. त्या रमाबाईंशी पत्रांतून मुद्द्यामुद्द्याने बोलल्या, स्वतःची श्रद्धा न लपवता आणि समोरचीला धाक न घालता. बील शिक्षिका होत्या, हे मला इथे महत्त्वाचे वाटते. न पटलेले उत्तर मुलाकडून घोकून घेता येते, पण त्याला समज म्हणत नाहीत, हे वर्गात उभे राहणाऱ्याला रोज दिसते.

या वादात रमाबाईंचे काय पणाला लागले होते? परका देश. राहणे, खाणे, शिकणे त्याच लोकांच्या आधारावर. लहान मुलगी त्यांच्याच ताब्यात. मायदेशी परतावे तर स्वजनांनी दारे लावलेली. अशा वेळी ‘मानते’ एवढा एक शब्द उच्चारला असता तर सगळे सोपे होते. त्यांनी तो उच्चारला नाही. मनोरमेला न कळणारे सिद्धान्त आधीच पाठ करवू नका, असेही त्यांनी बजावले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मुंबईच्या बिशपांनी नको म्हटले. हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकवले तर तिकडे तिची पत राहणार नाही, असा त्यांचा होरा. आपल्या देशातले लोक आपल्याला बिशपपेक्षा जास्त कळतात, असे रमाबाईंचे उत्तर होते.

इथे आपला मुनाझऱ्याची आवड असलेला वाचक खूष होईल. एवढी मोठी पंडिता, बायबल वाचते आणि म्हणते तस्लीस पटत नाही! हाच तर आपला दावा. जलशात सांगायला किती छान मुद्दा!

हा मोह जुना आहे. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला पाद्री फाँडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर मुनाझरा झाला. इंग्लंडमध्ये राहून आलेले डॉ. वजीर खान मौलानांच्या सोबत होते. युरोपात बायबलच्या पाठभेदांची जी चिकित्सा चालली होती, तिचे ग्रंथ त्यांनी पुढे ठेवले आणि फाँडर अडचणीत आले. मौलानांच्या बाजूने न्याय्य कारण होते. मिशनरी इस्लामवर चढाई करत होते आणि त्यांच्या पाठीशी राज्यसत्ता होती. हातात येईल त्या साधनाने बचाव करणे भाग होते. १८५७ नंतर मौलानांना मक्केला जावे लागले. तिथे त्यांनी मदरसा सौलतिया उभारला. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आदरच आहे. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या युरोपीय विद्वानांचे ग्रंथ तिथे मांडले गेले, त्यांतले अनेकजण श्रद्धावान ख्रिस्ती होते. आपल्या पवित्र ग्रंथाचा खरा पाठ कोणता, हे शोधणे त्यांना इबादतीचाच भाग वाटत होते. त्यांची मेहनत मुनाझऱ्याच्या मैदानात पराभवाची कबुली म्हणून वाचली गेली.

रमाबाईंची शंकाही अशीच वाचली, तर पुढचे पान उलटताच आपली फजिती होते. कारण १८९१ च्या सुमारास, इंग्लंड सोडून पाच वर्षे झाल्यावर, शारदा सदनाच्या कामात असताना रमाबाईंना जो अनुभव आला, त्यानंतर त्या येशूला तारणारा ईश्वर म्हणून मानू लागल्या. पुढे त्यांनी लिहिले की ख्रिस्ती धर्म त्यांना आठ वर्षे आधीच मिळाला होता, ख्रिस्त मात्र आता भेटला. म्हणजे जे जेराल्डिन दडपणाने मान्य करवू शकल्या नाहीत, ते रमाबाईंनी पुढे आपणहून मानले. नकार त्यांचा होता आणि स्वीकारही त्यांचाच. त्यांचा १८८५ चा नकार आपल्या खिशात घालून १८९१ चा स्वीकार लपवणे ही अप्रामाणिकता होईल; आणि ख्रिस्ती चरित्रकार स्वीकार मोठ्या अक्षरांत छापून नकार बारीक करतात, तेव्हा त्यांचीही तीच अप्रामाणिकता. रमाबाईंचा निष्कर्ष मला मान्य नाही. मी मुसलमान आहे, माझा अकीदा वेगळा आहे. पण त्या निष्कर्षापर्यंत जाण्याचा त्यांचा रस्ता स्वच्छ होता, हे मान्य करायला माझ्या ईमानाला काहीच बाधा येत नाही.

उर्दूत दोन शब्द आहेत : इख्तिलाफ आणि मुखालिफत. मूळ धातू एकच. पहिल्याचा अर्थ वेगळे मत, दुसऱ्याचा विरोध. एकाचे दुसऱ्यात रूपांतर केव्हा होते? वाँटेजच्या वादातच याचे उत्तर सापडते, आणि तेही सिस्टर जेराल्डिन यांच्याकडून. रमाबाईंची आपल्याशी भांडणारी, आपल्यावर टीका करणारी पत्रे त्यांनी जपून ठेवली. अधूनमधून आपल्या नाराजीच्या टिपा जोडल्या, पण पत्रे फाडली नाहीत. त्यांनी केलेला हा संग्रह इंडियन सेक्युलर सोसायटीचे अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. आज रमाबाईंचा नकार आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतो, तो ज्यांना नकार दिला त्यांच्यामुळे. मला वाटते, इख्तिलाफ इख्तिलाफ राहतो तो समोरच्याची दलील त्याच्या शब्दांत, पूर्ण, जशीच्या तशी जपली जाते तोवर. ती मोडून-तोडून, आपल्या सोयीने सांगायला लागलो की मुखालिफत सुरू झाली.

ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. मदरशांत शतकानुशतके शिकवला जाणारा ‘हिदाया’ हा हनफी फिकहचा ग्रंथ बाराव्या शतकातला. त्यात मसल्यामागून मसल्यात इमाम शाफईंचे मत दिलेले आहे, त्यांच्या दलीलसह, आणि मग हनफींचे उत्तर. शाफईंचे मत काय हे हनफी विद्यार्थी आपल्या उस्तादाकडून शिकत आला. आपल्या आजच्या फिरक्यांच्या चोपड्यांत समोरच्याची दलील अशी वाचायला मिळते का? तिथे समोरच्याचे अर्धे वाक्य असते आणि त्याखाली पूर्ण फतवा.

रमाबाईंच्या गोष्टीतला आणखी एक धडा अवघड आहे. ज्या बाईने सत्तेपुढे विवेक झुकवला नाही, त्याच पुढे स्वतः सत्ता झाल्या. शारदा सदनाच्या मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचा बोभाटा १८९३ मध्ये झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणावर सक्ती करत नाही, माझ्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असते इतकेच. पुढे केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली राहिल्या आणि १९०५ मध्ये तिथे धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. अन्न, छप्पर, माया, सगळे जिच्याकडून मिळते, तिच्या श्रद्धेला ‘नाही’ म्हणण्याची ताकद अनाथ मुलीत किती असेल? वाँटेजला रमाबाई ज्या जागी होत्या, त्याच जागी आता या मुली होत्या. मुक्ती मिशनच्या उपकारांनी हा प्रश्न पुसला जात नाही आणि या प्रश्नाने ते उपकार कमी होत नाहीत. यतीमखाने, मदरसे आणि शाळा चालवणाऱ्या आपणा सर्वांना तो लागू आहे. ज्याचे पोट आपल्या हाती, त्याचा अकीदा तपासताना हात जरा आखडता घ्यावा.

असे मतभेद घेऊन एकत्र राहता येते का? नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांच्यापुढे बाप्तिस्म्याचा पेच होता. अँग्लिकन आणि इतर काही परंपरा तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट म्हणत की श्रद्धेची कबुली स्वतः देणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा. या मुद्द्यावरून युरोपात एके काळी माणसे बुडवून मारली गेली होती. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतर नागपुरात ठरले की दोन्ही पद्धती चालतील आणि ज्या पाळकाच्या विवेकाला बालबाप्तिस्मा पटत नाही त्याच्यावर तो देण्याची सक्ती नसेल. सगळे जमले असे नाही. मेथॉडिस्टांची एक मोठी शाखा ऐन वेळी बाहेर राहिली. तरी जे आत आले त्यांना आपले मत बाहेर ठेवून यावे लागले नाही.

आता आपल्याकडे पाहू. कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शाफई. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेले मुसलमान बहुतेक हनफी, त्यांतही मसलक वेगवेगळे. फजरच्या दुसऱ्या रकातीत शाफई कुनूत पढतो, हनफी पढत नाही. एक आमीन मोठ्याने म्हणतो, दुसरा मनात. असरची वेळ एकाची आधी, दुसऱ्याची नंतर. तरावीह आठ की वीस, हा तिसराच वाद. यांतल्या प्रत्येक मुद्द्याला बाराशे वर्षांची विद्वत्ता मागे आहे. इमाम शाफईंनी इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फजर पढताना त्यांच्या आदरापोटी कुनूत सोडला, असे सांगतात. अब्बासी खलिफाने ‘मुवत्ता’ हाच सर्वांसाठी कायदा करू असे सुचवले तेव्हा इमाम मालिकांनी स्वतःच्या ग्रंथाला मिळणारा हा मान नाकारला, असेही सांगतात. सहाबा वेगवेगळ्या मुलखांत गेले, प्रत्येकाकडे इल्म पोचले, मग सर्वांना एका ग्रंथाला का बांधायचे, हे त्यांचे कारण. या गोष्टी आपण जलशात डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. आणि बाहेर येऊन मसलक विचारून सोयरीक मोडतो, जनाज्याची नमाज कोणी पढवायची यावरून मयत ताटकळत ठेवतो.

उर्दू शाळेच्या एकाच बाकावर या सगळ्या घरांची मुले बसतात. हात कुठे बांधायचे, याचे दोन मुलांचे पटत नाही आणि ती विचारतात, ‘मॅडम, सही कौन है?’ हा प्रश्न उडवून लावता येत नाही. ‘दोघेही बरोबर’ एवढेच सांगितले तर मुलाला वाटते की मॅडमना ठाऊक नाही. मी शिकवते ते असे : तुझ्या घरची पद्धत अमुक इमामांची, तिची दलील ही, याच्या घरची पद्धत तमुक इमामांची, तिची दलील ही. तू याची दलील मला सांग आणि याने तुझी सांगावी. मुले सांगतात. आपली दलील दुसऱ्याच्या तोंडून नीट आली की मुलाचा चेहरा खुलतो. मग हात ज्याचे त्याने आपल्या इमामाप्रमाणे बांधावेत.

मोठ्यांसाठी याहून वेगळा अभ्यासक्रम मला सुचत नाही. अमुक फिरका चुकीचा, अमुक धर्म चुकीचा, असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावानाला आहे. श्रद्धा म्हणजे काहीतरी खरे मानणे, आणि त्याच्या उलट असेल ते खरे न मानणे. पण तसे म्हणण्याआधी त्या माणसाची बाजू त्याला ‘होय, मी हेच म्हणतो’ असे वाटेल इतक्या नेमकेपणाने आपल्याला सांगता यावी. त्रैक्याबद्दल वसईच्या कॅथलिकाला असे वाटेल का, कुनूतबद्दल समोरच्या सफेतल्या माणसाला असे वाटेल का, हे येत्या जुम्याला खुतब्याआधी प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे.